‘पाठवते’ की ‘पाठवलं’? एका तिरक्या रेघेचा प्रश्न

मॅडम, नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. घरी तेलुगू, शाळा मराठी, वय २४. टॉवेल परदेशी पाठवणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला आहे. मेक्सिकोच्या एका गिऱ्हाइकाशी बोलता यावं म्हणून दीड वर्षापासून ऑनलाइन स्पॅनिश शिकतेय. क्रियापदांचे तक्ते तोंडपाठ आहेत, पण बोलायला लागलं की सर म्हणतात, ‘जोर चुकला.’ जोर कुठं द्यायचा ते कळत नाही, कारण शब्द कुठं तोडायचा तेच कळत नाही. मागच्या महिन्यात मी फोनवर सांगितलं, की आमच्या गोडाऊनच्या माणसानं नमुने पाठवलेत. समोरच्यानं ऐकलं, ‘मी आता पाठवते.’ त्यांनी पार्सलची वाटच पाहिली नाही. ते पोचलं तेव्हा घ्यायला कुणी नव्हतं, परत फिरलं, आणि साहेब मला बोलले. मेलमध्येही मी तेच लिहिलं होतं, फक्त शब्दावरची रेघ दिली नव्हती, कारण कीबोर्डवर ती सापडत नाही. एवढ्याशा रेघेनं एवढं होतं का? आणि रद्दीतून घेतलेल्या जुन्या पुस्तकात ‘फ्वे’ (तो गेला) या रूपावर रेघ आहे, ॲपमध्ये नाही. खरं कुठलं? वहीच्या पानाचा फोटो जोडलाय. मला अहो-जाहो करू नका.

– पूर्व भागातली एक वाचक

* * *

अहो-जाहो नको म्हणालीस, म्हणून तू.

एवढ्याशा रेघेनं एवढं होतं का, हे आधी. होतं. समज, त्या गिऱ्हाइकाला मराठी येतं आणि ‘पैसे पाठवा’ लिहिताना तू काना विसरलीस. त्याला मेल गेला ‘पैसे पाठव’. तेव्हा तू ‘एवढ्याशा कान्यानं काय होतंय’ म्हणाली नसतीस, घाईघाईनं दुसरा मेल टाकला असतास. स्पॅनिश क्रियापदावरची तिरकी रेघ म्हणजे त्यांचा काना, त्यांची वेलांटी. ती गाळली तर शब्द अर्धवट राहतो किंवा दुसराच होतो. साहेब बोलले त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, पण रेघेला यापुढे किरकोळ समजू नकोस.

आता तुझं वाक्य उलगडू. खाली ज्या तुकड्यावर जोर आहे त्याच्या डोक्यावर मी उभी रेघ देते, पोथीत मंत्राच्या अक्षरांवर दिसते तशी. ही फक्त आपल्या दोघींची खूण. स्पॅनिशची स्वतःची तिरकी रेघ काही ठरावीक ठिकाणीच येते, ते पुढे सांगते. वहीत तू हा शब्द ‘एनविओ’ लिहिलायस. स्पॅनिशमध्ये बी आणि व्ही या दोन्ही अक्षरांचा उच्चार ‘ब’ असाच होतो, तेव्हा आधी तो ‘व’ काढून टाक.

एन-बी॑-ओ. तुकडे तीन, जोर मधल्यावर. अर्थ: मी पाठवते.

एन-ब्यो॑. तुकडे दोन, जोर शेवटच्यावर. अर्थ: त्यानं पाठवलं.

रोमन लिपीत पाचही अक्षरं तीच, त्याच क्रमानं. फरक एवढाच, की पहिल्यात रेघ ‘आय’वर आहे आणि दुसऱ्यात ‘ओ’वर. तू बोललीस ते ‘या एन-बी॑-ओ लास म्वे॑स-त्रास’, म्हणजे ‘नमुने आत्ता पाठवते’. बोलायचं होतं ‘या एन-ब्यो॑’, म्हणजे ‘पाठवून झालं’. आणि ‘मी’ किंवा ‘त्यानं’ हे शब्द त्या वाक्यात मुळात नाहीतच. आपणही असंच बोलतो. ‘पाठवलं का?’ ‘पाठवते.’ यात ‘मी’ कुठं आहे? कोण आणि कधी, दोन्ही क्रियापदाच्या शेपटीत. स्पॅनिशमध्येही तसंच, फक्त तिथं पुष्कळदा शेपूट एकच असते आणि जोर कुठं पडला यावरून माणूसही बदलतो, काळही बदलतो. फोनवर तू जोर चुकवलास आणि मेलमध्ये रेघ गाळलीस. त्याच्याकडे खरं कळण्याची एक वाट होती, तीही बंद झाली. त्या बिचाऱ्यानं जे ऐकलं तेच वाचलं.

हे एकाच क्रियापदाचं नाही. तुझ्या ऑफिसच्या कामाचीच रूपं घे. पा॑-गो म्हणजे मी पैसे भरते, पा-गो॑ म्हणजे त्यानं भरले. ये॑-गो म्हणजे मी पोचते, ये-गो॑ म्हणजे तो पोचला. रे-सी॑-बो म्हणजे मला मिळतं (आणि नाम म्हणून पावतीही), रे-सी-बी॑ म्हणजे मला मिळालं, रे-सी-ब्यो॑ म्हणजे त्याला मिळालं. कंटेनर पोचला की नाही, पैसे कुणी भरले, पावती की मिळालेला माल, सगळं त्या एका ठोक्यावर.

तुला जोर सापडत नाही, कारण तुकडे सापडत नाहीत, हे तू स्वतःच ओळखलंस. बरेच जण उलट करतात, आधी जोराचे नियम घोकतात. तुझ्या वहीचा फोटो बघितला आणि मला दिसलं की अडचण तुझ्या कानात नाही, देवनागरीत आहे.

देवनागरीत आपण ज्याला अक्षर म्हणतो, ते लिहिण्याचं एकक आहे. बोलण्याचा तुकडा वेगळा. हनुवटीखाली हात धर आणि ‘सोलापूर’ म्हण. अक्षरं चार, पण हनुवटी तीनदा खाली येते: सो-ला-पूर. ‘चादर’ तीन अक्षरी, तुकडे दोन: चा-दर. ‘पुस्तक’ लिहिताना पु-स्त-क, बोलताना पुस-तक. तू वहीत ‘मी शिकते’साठी ‘एस्तूदिओ’ लिहिलंस आणि बाजूला बारीक पेन्सिलीनं ए-स्तू-दि-ओ अशा रेघा मारल्यास. लिपीच्या हिशेबानं एकदम बरोबर आणि स्पॅनिशच्या हिशेबानं चूक. तिथं ‘स’ मागच्याबरोबर जातो आणि शेवटचे दोन स्वर एकत्र होतात: एस-तू॑-द्यो. चारचे तीन झाले. एकदा मोजणी चुकली की ‘शेवटून दुसरा’ म्हणून जो तुकडा तू धरशील तो चुकणारच. नियम पाठ असूनही जोर चुकतो तो असा.

जोडाक्षराबद्दल जरा थांबून सांगते, कारण मराठी माणूस इथंच अडकतो. आपल्या कानाची सवय जोडाक्षर फोडायची. ‘सत्या’ म्हणताना आपण सत-त्या म्हणतो, आघात मागे येतो, म्हणून छंद मोजताना ‘स’ गुरू धरतात. पण ‘तुझ्या’ म्हणताना? तु-झ्या. तिथं जोडाक्षर अखंड पुढच्या तुकड्यात जातं, मागच्या ‘तु’ला धक्काही लागत नाही, तो लघुच राहतो. म्हणजे दोन्ही सवयी आपल्या तोंडात आहेत. स्पॅनिशमध्ये ‘र’ किंवा ‘ल’ हा प, ब, क, ग, फ यांच्या मागे चिकटला, किंवा ‘र’ हा त, द यांना चिकटला, की ‘तुझ्या’सारखं वागायचं: आ॑-ब्लो (मी बोलते), आ॑-ब्रो (मी उघडते), एस-क्री॑-बो (मी लिहिते), को॑म-प्रो (मी विकत घेते). वहीत तू ‘हाब्लो’ लिहून हाब-लो असं तोडलंयस. ‘ह’ तर काढच, त्या भाषेत ते अक्षर लिहितात पण बोलत नाहीत. आणि ‘ब्लो’ फोडू नकोस. बाकी बहुतेक व्यंजनजोड्या मात्र मधोमध फुटतात: का॑न-तो (मी गाते), प्रे-गू॑न-तो (मी विचारते).

घरची तेलुगू तुझ्या उपयोगाची आहे, कारण शब्द स्वरावर संपवायची सवय स्पॅनिशलाही आहे. एकच जप. तेलुगूत ‘बस’चं ‘बस्सु’ होतं, तसा मूळ रूपाच्या शेवटच्या ‘र’ला स्वर जोडू नकोस. को-मे॑र (खाणे) दोन तुकड्यांचंच राहिलं पाहिजे. ‘कोमेरु’ झालं की तीन, आणि जोर पुन्हा हलला.

आता स्वराला स्वर भिडला की काय होतं. या भागाची सगळे भीती घालतात, पण तुला तो शाळेतच शिकवून झालाय. इति आणि आदी मिळून इत्यादी. मनु आणि अंतर मिळून मन्वंतर. इ किंवा उ यांच्यापुढे वेगळा स्वर आला की इ चा य, उ चा व. स्पॅनिशमध्ये अगदी हाच संधी होतो. इ आणि उ हे तिथले हलके स्वर. आ, ए, ओ हे जड. हलका जडाला भिडला की संधी, दोन्हींचा एकच तुकडा. ‘दिओ’ नव्हे, ‘द्यो’. माझ्या मराठी विद्यार्थ्यांना मी हे याच वाटेनं शिकवते आणि त्यांचा चेहरा खुलतो, कारण नव्या भाषेत ओळखीचं माणूस भेटतं.

फक्त एक अट. त्या हलक्या स्वरावरच जोर असेल, तर तो संधीला तयार होत नाही. तो स्वतंत्र तुकडा होतो आणि त्याच्यावर तिरकी रेघ सक्तीची. एन-बी॑-ओ मध्ये हेच झालं. जोर इ वर, म्हणून तीन तुकडे. एन-ब्यो॑ मध्ये जोर ओ वर, इ चा य झाला, म्हणून दोन. आ॑-स्या म्हणजे ‘कडे’, दिशा दाखवणारा. आ-सी॑-आ म्हणजे ‘करत असे’. सा॑-ब्या म्हणजे शहाणी बाई, सा-बी॑-आ म्हणजे ‘ठाऊक होतं’. माझं आवडतं त्रिकूट हे:

कोन-ती॑-न्वो: सततचा.
कोन-ती-नू॑-ओ: मी चालू ठेवते.
कोन-ती-न्वो॑: त्यानं चालू ठेवलं.

हे तीन भिंतीवर लाव. रोमन लिपीत बघणाऱ्याला फक्त रेघ इकडची तिकडे झालेली दिसते. देवनागरीत मात्र ‘न्वो’ आणि ‘नू-ओ’ डोळ्यांना वेगळे दिसतात. म्हणून देवनागरी सोडून दे असं मी म्हणणार नाही. संधी दाखवायला रोमनपेक्षा ती सरस आहे. तू ‘एनविओ’ असं दोन्हींसाठी एकच लिहिलंस, तिथं चूक झाली. ‘एन-बी-ओ’ आणि ‘एन-ब्यो’ असं लिहिलं असतंस तर वहीनंच तुला सावध केलं असतं.

दोन जड स्वर भिडले तर संधी नाही, सरळ दोन तुकडे: ले-ए॑र (वाचणे), ले॑-ओ (मी वाचते), क्रे॑-ओ (मला वाटतं). आपल्याला इथं काहीतरी जोडून टाकायचा मोह होतो, तो आवर. आणि ये-गे॑ (मी पोचले) या रूपात लिहिताना ‘यू’ दिसतो, त्याला स्वर समजून मोजू नकोस. ‘ग’चा उच्चार ‘ग’ राहावा एवढ्यासाठी तो मध्ये उभा केलाय.

तुला एक गोष्ट खरोखर घोकावी लागेल. एन-ब्या॑र (पाठवणे) आणि काम-ब्या॑र (बदलणे) ही मूळ रूपं सख्ख्या बहिणींसारखी दिसतात. पण ‘मी’चं रूप एकीचं एन-बी॑-ओ आणि दुसरीचं का॑म-ब्यो. मूळ रूपाकडे बघून हे ओळखता येत नाही. १७१३ साली माद्रिदमध्ये स्थापन झालेल्या रॉयल स्पॅनिश अकादमीच्या कोशात अशा क्रियापदांपुढे ते कुणासारखं चालतं ते लिहिलेलं असतं, आणि एका गटाचा नमुना म्हणून जे क्रियापद घेतलंय ते नेमकं तुझं ‘एनब्यार’ आहे. तेव्हा वहीत मूळ रूप एकटं कधी लिहू नकोस, शेजारी ‘मी’चं रूप लिही.

जोरानं अर्थ उलटतो हे आपल्याकडच्या जुन्यांना पक्कं ठाऊक होतं. त्वष्ट्याची गोष्ट तू ऐकली असशील. इंद्रानं त्याचा मुलगा मारला. त्वष्ट्यानं इंद्राला मारणारा पुत्र मिळावा म्हणून यज्ञ केला आणि मंत्रात ‘इन्द्रशत्रु’ हा शब्द उच्चारला. स्वर शेवटी असता तर अर्थ होता ‘इंद्राला मारणारा’. स्वर पडला पहिल्या अक्षरावर, आणि अर्थ झाला ‘इंद्र ज्याला मारील तो’. वृत्र जन्मला आणि इंद्राच्याच हातून मेला. वेदातला स्वर आवाजाच्या चढ-उताराचा आणि स्पॅनिशचा जोर ठोक्याचा, त्यामुळे दोन्ही अगदी एक नव्हेत. पण अक्षरं तीच, जागा बदलली आणि अर्थ फिरला, हे मात्र एकच. तुझं तर पार्सलच परत आलं.

आजच्या मराठीत अशा जोरानं शब्दाचा अर्थ बदलत नाही, म्हणून आपल्याला तो ऐकायची सवय नाही. जोर द्या म्हटलं की आपण स्वर ओढतो. तूही ओढत असशील: ‘आब्लोऽऽ’. ओढायचं नाही. तो तुकडा जरा वर उचलायचा आणि ठासून टाकायचा, एवढंच. ह्रस्व-दीर्घाचा भेद त्या भाषेत नाही, म्हणून मी इथं ‘बी’ लिहिलं की ‘बि’ याकडे बघू नकोस, उभ्या रेघेकडे बघ. शेवटच्या तुकड्यावरचा जोर मराठी तोंडाला सर्वांत अवघड जातो. त्याला एक युक्ती आहे. ‘आला.’ असं म्हण. आता दारातून हाक मारल्यासारखं विचार, ‘आला?’ दुसऱ्या वेळी ‘ला’ आपोआप वर गेला. त्याच चालीवर आ-ब्लो॑ म्हण, पा-गो॑ म्हण, एन-ब्यो॑ म्हण. चार दिवसांनी त्यातला प्रश्नाचा सूर काढून टाक आणि ठोका तेवढा ठेव. नाहीतर ‘पैसे भरले’ सांगताना ‘भरले का?’ असं ऐकू जाईल.

माझं लहानपण सोलापूरच्याच साखर पेठेत गेलं. भिंतीपलीकडं माग चालायचे, पाढेसुद्धा आम्ही त्या खटखटीवर म्हणायचो. तुझ्या घराजवळ पॉवरलूम चालू असतील तर त्यांचा उपयोग कर. एका खटक्याला एक तुकडा टाकायचा, ना जास्त ना कमी: एन, बी, ओ. एन, ब्यो. इंग्रजीच्या सवयीनं आपण बिनजोराचे तुकडे गिळतो. स्पॅनिशमध्ये जोर नसलेला तुकडाही पूर्ण बोलायचा, मागाचा एकही खटका चुकत नाही तसा. मग याच तीन ओळी म्हण: ते॑र-मी-नो (मुदत), तेर-मी॑-नो (मी संपवते), तेर-मी-नो॑ (त्यानं संपवलं). रोज वीस वेळा, मोठ्यानं. घरचे हसतील, हसू देत.

तिरकी रेघ कधी द्यायची, हे आता दोन वाक्यांत मावतं. शब्द स्वर, एन किंवा एस यांवर संपला तर जोर शेवटून दुसऱ्या तुकड्यावर, आणि दुसऱ्या कुठल्या व्यंजनावर संपला तर शेवटच्या तुकड्यावर. याप्रमाणे चाललं तर रेघ नको, मोडलं तर रेघ हवी. हलक्या स्वराची सक्ती वर सांगितलीच आहे. एस-तो॑य (मी आहे) यात शेवटचा वाय व्यंजनात धरतात, म्हणून रेघ नाही. आता तुझा तक्ता काढ. आ-ब्ला॑-बा (बोलत असे), स्वरावर संपलं, जोर शेवटून दुसरा, रेघ नाही. आ-ब्ला॑-बा-मोस (आम्ही बोलत असू), जोर त्याच ‘ब्ला’वर राहिला, पण पुढे आणखी एक तुकडा आला, म्हणून तो शेवटून तिसरा झाला. रेघ लागली. आपलं गणित असं: जोराची जागा आधी कानानं ठरते, रेघ नंतर येते. तू रेघ बघून जोर पाठ करायला गेलीस, म्हणून बिनरेघेच्या रूपांत तुला काही दिसेना.

आणि जोराची जागा कळली की तक्त्यातली वाकडी वाटणारी रूपं सरळ होतात. पेन-सा॑र म्हणजे विचार करणे. तू पाठ केलं असशील: मी प्ये॑न-सो, पण आम्ही पेन-सा॑-मोस. दोर-मी॑र म्हणजे झोपणे: मी द्वे॑र-मो, पण आम्ही दोर-मी॑-मोस. ‘ए’चा ‘ये’ कधी होतो आणि कधी नाही, हे तू चौकटीतल्या खणांवरून लक्षात ठेवलंयस. चौकट विसर. जोर धातूवर पडला की तो स्वर फुटतो, जोर शेपटीवर गेला की साधा राहतो. लॅटिनमधले काही स्वर जोराखाली असताना असे फुटले आणि बिनजोराचे तसेच राहिले, त्याची ही खूण. तुझे ‘नमुने’, ते म्वे॑स-त्रास, त्याच कुळातले. त्यांचं क्रियापद मोस-त्रा॑र, दाखवणे.

भविष्यकाळात जोर सतत शेपटीवर का, हे तू पत्राच्या कोपऱ्यात विचारलंयस. आ-ब्ला-रे॑, आ-ब्ला-रा॑स, आ-ब्ला-रा॑. कारण ती शेपूट एकेकाळी वेगळा शब्द होती. मूळ रूप ‘आब्लार’ आणि त्याच्या मागे ‘असणे’ या अर्थाच्या सहायक क्रियापदाची रूपं: ए, आस, आ. बोलता बोलता ती चिकटली आणि आपला जोर घेऊन आली. आपलं ‘करतो आहे’चं ‘करतोय’ झालं तसंच. आणि इथं जोर सांभाळ, कारण आ-ब्ला॑-रा हे ‘बोलला असता तर’ या अर्थाचं दुसरंच रूप आहे. आ-ब्ला-रा॑ म्हणजे ‘तो बोलेल’.

आज्ञा करताना मागे ‘मला’, ‘आम्हाला’, ‘ते’ असे शब्द चिकटतात, तेव्हा तुकडे वाढतात पण जोर जागचा हलत नाही. एन-बी॑-ए म्हणजे पाठवा. एन-बी॑-ए-नोस म्हणजे आम्हाला पाठवा. एन-बी॑-ए-मे-लो म्हणजे मला ते पाठवा. हे तुला मेलमध्ये रोज दिसत असणार. को॑म-प्रा-मे-लो (मला ते विकत घेऊन दे) याच्यावर रेघ, आणि नुसत्या को॑म-प्रा वर नाही, ते का, हे आता तू मला सांगू शकशील.

जुन्या पुस्तकाचं. ॲप बरोबर आहे, आणि पुस्तकही आपल्या काळापुरतं बरोबर होतं. फ्वे (तो गेला), फ्वी (मी गेले), ब्यो (त्यानं पाहिलं), द्यो (त्यानं दिलं) ही एकेक तुकड्याची रूपं. जोर जायला दुसरी जागाच नाही, तर रेघ कशाला? पूर्वी ती देत असत. अकादमीनं नवे नियम १९५२ मध्ये मांडले, ते १९५९ पासून लागू झाले आणि या रूपांवरची रेघ गेली. २०१० च्या शुद्धलेखनाच्या ग्रंथानं आणखी काही रूपं याच पंगतीत बसवली. ‘तो हसला’ हे रूप काही लोक दोन तुकड्यांत बोलतात, पण लिहिताना ते एकाच तुकड्याचं धरायचं, म्हणून आता रेघ नाही. री॑-ओ (मी हसते, आणि नदीसुद्धा) यावर मात्र आहे. जुनं पुस्तक टाकू नकोस, रूपांसाठी ते चालेल, रेघांसाठी नवं बघ. एकतुकडी क्रियापदांपैकी ‘से’ (मला ठाऊक आहे) आणि ‘दे’ (आज्ञार्थी, द्या) यांच्यावर अजूनही रेघ देतात, कारण तशीच दिसणारी दोन छोटी अव्ययं-सर्वनामं भाषेत आहेत, त्यांच्याशी गल्लत नको.

कीबोर्डचं काम पाच मिनिटांचं आहे. फोनवर स्वराचं बटण दाबून धर, रेघेसकट अक्षर वर येतं. ऑफिसच्या विंडोज कॉम्प्युटरवर ऑल्ट दाबून उजवीकडच्या आकड्यांच्या पट्टीवर १६० दाबलंस की रेघवाला ए (आपला आ), १६१ ला आय, १६२ ला ओ, १६३ ला यू. ई मात्र १३० ला. हे पाच आकडे चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटव. आयत्या वेळी सापडलं नाही असं पुन्हा होणार नाही.

राहिलं ते गिऱ्हाईक. साहेबांची परवानगी घेऊन त्याला तू स्वतः फोन कर, आणि या वेळी कुणी पाठवलं तो शब्दही वाक्यात घाल, म्हणजे जोर थोडा डळमळला तरी अर्थ पडणार नाही: ‘ला बो-दे॑-गा एन-ब्यो॑ लास म्वे॑स-त्रास एल लू॑-नेस.’ गोडाऊननं नमुने सोमवारी पाठवले. फोन ठेवल्यावर तेच वाक्य मेलनं पाठव, १६२ दाबून.